एक काना कमी

घटस्फोटाचा अर्ज तयार होता, फक्त आईची सही राहिली होती. बाळाला मांडीवर घेऊन शेजारी बसलेल्या लेकीच्या जिवात जीव नव्हता. आई ऐन वेळी कच खाणार, अशी तिची खात्रीच होती. कारण वकीलबाईंनी काहीही विचारलं, तरी आईचं आपलं एकच, "राग आला की ह्यांना भान राहत नाही हो, पण एरवी हे फार शिस्तीचे."

"काकू," वकीलबाई हसल्या, "ह्यांच्यापासून घटस्फोट मागताय, की ह्यांच्यासाठी स्थळ बघताय?"

आई ओशाळली. तिने पेन उचललं आणि नेमका तेव्हाच बाबांचा फोन आला.

झालं, लेक मनात म्हणाली. बाबांचा फोन आला की हातातलं काम टाकायचं, उभं राहायचं आणि "अहो, बोला" म्हणायचं, हे आईच्या अंगवळणीच पडलेलं. आताही ती खुर्चीतून अर्धवट उठली. मग काय मनात आलं कोण जाणे, पुन्हा खाली बसली. फोन वाजत राहिला. आईने सावकाश, घोटून सही केली, पेनाला टोपण लावलं आणि मगच फोन उचलला.

"हं, बोल."

लेकीच्या अंगावर सरसरून काटा आला. परवा बाळ भिंत सोडून पहिल्यांदा एकटं उभं राहिलं, तेव्हाही ती अशीच श्वास रोखून बघत राहिली होती.