कढई निवल्यावर

बटाटे करपले म्हणून भाऊजींनी एकदा ताईचा तळहात तापल्या कढईवर दाबून धरला होता. पुढे ताई गेली, आणि तिच्या लेकीला सांभाळायला मी त्या घरात राहायला आले.

आज दुपारी, पोर शाळेत असताना, मी कांदा-बटाटा परतून गॅस बंद केला. कढई पार निवली, तरी चरचर काही थांबेना. आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता.

तिथे भाऊजी खुर्चीत बसून डोळे फाडून आपल्या तळहाताकडे बघत होते. तो कडेनं तांबूस, कुरकुरीत होत चालला होता.

"पाणी आण गं, लवकर!" ते किंचाळले.

मी दाराला कडी लावली.

"ताई," मी म्हणाले, "दुसरी बाजू अजून कच्ची आहे."