ढग थोडे कमी करून

विमान पुन्हा तळ्यात पडलं. धावपट्टी समोर होती, चाकं खाली होती, वारा नावालाही नव्हता. तरी बाबांनी ते नेमकं नेऊन तळ्यात घातलं. या आठवड्यातलं हे पाचवं.

"राहू द्या हो," खुर्चीमागे उभी असलेली आई म्हणाली आणि तिने त्यांच्या डाव्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "वाटते एकेकाला भीती. चला, पानं घेते."

लेकीने कपाळाला हात लावला. तिला सहावा महिना होता. परवा तिला समुद्रापलीकडच्या आपल्या घरी परतायचं होतं आणि बाळ येईल तेव्हा आईबाबा दोघंही तिथे हवे होते. मध्ये फक्त विमान होतं. आणि बाबा.

लग्न करून ती तिकडे गेली त्याच वर्षी बाबांनी जाहीर केलं होतं, "मला विमानाची धास्ती वाटते. आधी घरच्या कॉम्प्युटरवर चालवून बघतो. तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत एकदा नीट उतरवलं, की काढ तिकिटं." त्याला तीन वर्षं झाली. तळ्यातल्या माशांनाही आता बाबा ओळखीचे झाले असतील.

बाबांचा भित्रेपणा घरात मुरलेलाच होता. आकाशपाळण्यात लेक एकटीच बसायची. बाबा घाबरतात म्हणून खाली उभे आणि त्यांना सोबत म्हणून आई. तिसऱ्या मजल्यावरचं हवेशीर घर सोडून तळमजल्यावरचं अंधारं घर घेतलं, तेही बाबांसाठीच. आईच सांगायची तसं.

जेवताना बाबा म्हणाले, "चित्र अडखळतं गं. उतरायच्या वेळीच विमान ठेचकाळत चालतं. माणूस तरी काय करणार?"

"तेच सांगताय तीन वर्षं," लेक म्हणाली. "म्हणून तर नवं ग्राफिक्स कार्ड आणलंय. स्वेटरात गुंडाळून, लेकरासारखं."

आई भात वाढता वाढता थांबली. "कशाला उगीच? आहे ते बरं आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजी आणायला बाहेर पडली आणि लेकीने कॉम्प्युटर उघडला. आतल्या धुळीत एक उशी भरली असती. तिने जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, बटण दाबलं. एरवी हा गेम सुरू झाला की पंखा असा घरघरायचा, की गिरणी टाकलीत का म्हणून शेजारीण विचारून गेली होती. आज त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता.

सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघायला लेकीने उड्डाणांची नोंद उघडली. आणि ती खुर्चीत सरळ बसली.

"बाबा, हे काय?"

"काय?"

"दोनशे चौदा वेळा विमान उतरवलंय तुम्ही. पावसात, धुक्यात, एक इंजिन बंद पडलेलं असताना. सगळं सकाळी दहा ते अकरा. सगळं सकाळी दहा ते अकरा."

"त्या वेळी आई भाजीला जाते," बाबा म्हणाले. ते खाली बसून कॉम्प्युटरचं झाकण लावत होते.

"आणि संध्याकाळी?"

"आई मागे उभी असली, की हात थरथरतो." त्यांनी तिळाएवढा स्क्रू पहिल्याच खेपेला भोकात बसवला. मग उठून त्यांनी डाव्या खांद्याला मलम चोळलं. "जॉयस्टिक धरून धरून भरून येतो," ते म्हणाले. जॉयस्टिक टेबलाच्या उजव्या बाजूला होती.

पाहुण्यांसमोर कविता विसरणारं पोर असतं तसं आहे तर हे, लेकीने मनाशी ठरवलं. आई पिशव्या घेऊन आली तशी ती म्हणाली, "आई, आज तू मागे उभी राहू नकोस."

"वा! मी नसले तर ह्यांचा धीर सुटतो," आई म्हणाली आणि पिशव्या तिथेच ठेवून खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "अडखळत नाही ना आता?"

"अजिबात नाही. फक्त ढग थोडे कमी केलेत, म्हणजे आणखी गुळगुळीत चालेल."

"सगळेच काढ की. लागतात कशाला ढग?"

विमान वर गेलं, वळलं, धावपट्टीच्या रेषेत आलं. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. उजवीकडे तळं चकाकत होतं. बाबांचा हात सवयीने तिकडे झुकायला लागला.

"बाबा," लेक त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "माझ्यासाठी. एकदाच."

बाबांनी एक मोठा श्वास घेतला. हात सरळ झाला. चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत. विमान पळालं, सावकाश झालं आणि इमारतीसमोर शहाण्यासारखं उभं राहिलं.

लेक टाळी वाजवणार, एवढ्यात तिला दिसलं की बाबा पडद्याकडे बघतच नाहीयेत. ते मान वळवून आपल्या डाव्या खांद्याकडे बघत होते. आईची पाची बोटं शर्टात रुतली होती. नखं पांढरी पडली होती. आणि साबण गेल्यावर मिटावेत तसे तिने डोळे गच्च मिटले होते.

"पडलं ना?" आईने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. "उतरलो आपण."

आईने डोळे उघडले नाहीत.

"मग असं डोळे मिटून," तिने विचारलं, "खऱ्या विमानात बसलेलं चालतं का गं?"