अक्षता पडेपर्यंत

छाती दाबून दाबून खांदे भरून आले, तशा अँब्युलन्सच्या डॉ. ठोसर थांबल्या. मंगल कार्यालयाच्या खोलीत, रुखवताच्या लाडवांशेजारी, नवरीचे काका सतरंजीवर निपचित पडले होते.

"गेलेत," त्या म्हणाल्या. "आम्ही मृतदेह नेत नाही. पोलिसांना कळवते."

नवरीच्या बापाने आधी दाराला कडी घातली. सख्खा भाऊ समोर मरून पडलेला, पण याच्या डोळ्यांत टिपूस नाही. "मॅडम, सुतक लागलं तर वऱ्हाड उठून जाईल. अक्षता पडेपर्यंत याला जिवंत राहू द्या. तोंडाला ऑक्सिजन लावा आणि सगळ्यांदेखत दवाखान्यात न्या."

ठोसरांनी पोलिसांना लावायला फोन काढला. त्या नाही म्हणणार, तोच त्यांचा ड्रायव्हर कानाशी लागला, "बाहेर हजार माणूस आहे, मॅडम. मागच्या महिन्यात एका पेशंटच्या नातेवाइकांनी गाडीची काच फोडली, आता आपल्याला फोडतील."

ठोसरांनी प्रेताच्या तोंडावर मास्क चढवला. बापाने फेटा सावरून दार उघडलं. "बाजूला व्हा, नुसती चक्कर आलीय," तो म्हणाला. ठोसरांना त्याच्याकडे बघायचीही शिसारी आली.

स्ट्रेचर मांडवातून निघालं, तशी अक्षता वाटणारी काकू हातातलं ताट टाकून अनवाणी धावली. नवऱ्याच्या तोंडावरचा मास्क पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"यांच्या कानाला रबर काचतंय हो," ती म्हणाली. "जरा सैल करता का?"

ठोसरांनी ते बोटभर सैल केलं.