दगडफुलाचा धागा

आमच्या स्कॉटलंडच्या लुईस बेटावर दगडफुलाचा तांबूस रंग होडीवाल्याच्या कापडात घालत नाहीत. खडकावरचं खडकाकडे परत जातं आणि माणसालाही नेतं, म्हणतात. म्हणून लाखलनसाठी, माझ्या नवऱ्यासाठी, मी कुळाच्या टार्टनची चौकडी नुसत्या निळ्या-हिरव्या धाग्यांनी विणली. निम्मं कापड पांघरून तो सकाळीच समुद्रावर गेला.

उरलेलं निम्मं पाहून सासूबाई कडाडल्या, "डोळे फुटले का गं? हा तांबूस धागा कुणी घातला?"

"मी नाही हो, सासूबाई!"

"मग काय मांजरानं विणला? उसव आधी!"

मी टोक धरून ओढलं. धागा ओला होता. सासूबाईंनी तो जिभेला लावला आणि पुटपुटल्या, "खारट आहे गं."

मी पुन्हा ओढला. पलीकडून कुणीतरी उलट हिसका दिला, पाण्यातला माणूस दोराला देतो तसा.