सनईवाल्याची दाढ

“हळद लागलेली नवरी घराबाहेर पडते का?” आई जिन्यातून ओरडत राहिली, तोवर डॉक्टर ऋजुता खालच्या दवाखान्यात पोचलीसुद्धा. तिथे गाल धरून बसले होते बाबलकाका घडशी, संध्याकाळी तिच्याच लग्नात सनई वाजवणारे.

“दाढ किडलीय, काका. कोरून भरावी लागेल.”

“भरा. पण इंजेक्शन नको. ओठ बधिर झाला तर फुंकू कसा?”

तिनं नवं लेझर यंत्र पुढे ओढलं. आजवर ते फक्त उपटलेल्या दातांवर चालवून पाहिलं होतं. “याला सहसा इंजेक्शन लागत नाही. पण तुम्ही पहिलेच पेशंट. दुखलं तर हात वर करा.”

“असू दे. मीही कधीतरी पहिल्यांदा वाजवलीच की.”

पाण्याच्या फवाऱ्यात टकटक करत लेझर कीड उडवू लागला. तिचा अर्धा जीव त्यांच्या हाताकडे. हात वर गेलाच नाही. उलट बोटांनी मांडीवर त्या टकटकीचा ठेका धरला.

संध्याकाळी अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली. ऋजुताचे कान सनईकडे. सूर जराही न थरथरता थेट वर चढला, तशी ती अशी काही खुलून हसली, की समोरच्या नवऱ्याला वाटलं, आपल्यालाच बघून.