दार लावून घ्या

केरळातल्या मुनंबम बंदरावर लोनप्पनचेट्टनच्या कोल्ड रूममध्ये सहाशे किलो कोळंबी मऊ पडायला लागली होती.

"गॅस गेला असणार," अप्पच्चन दारातून म्हणाले. अप्पच्चन म्हणजे माझे वडील; त्यांनी चाळीस वर्षं कोल्ड रूम दुरुस्तीचं काम केलं. आता मी करते, तर ते प्रत्येक ठिकाणी माझ्यामागे येतात आणि दारातच उभे राहतात.

"गॅस आहे. आतल्या पंख्याची मोटर जळलीय. गारवा नळ्यांवरच बर्फ होऊन बसलाय, मालापर्यंत पोचत नाही."

मी बर्फ वितळवला, मोटर बदलली.

"फिरत नाहीये," अप्पच्चन म्हणाले.

"दार उघडं असलं की पंखा बंदच राहतो. तुम्हीच शिकवलंत. मी आत थांबते, तुम्ही दार लावून घ्या."

"मग मला दिसणार कसं?"

"नाही दिसणार."

लोनप्पनचेट्टन मध्येच अप्पच्चनना म्हणाले, "ओसेफ, पोरीच्या भरवशावर माल सोडू नकोस रे."

अप्पच्चननी माझ्याकडे पाहिलं आणि दार लावलं.

अंधारात टॉर्च धरून मी उभी राहिले. नळ्या पुन्हा गार होईपर्यंत पाच मिनिटं काहीच हललं नाही. मग पाती फिरली आणि गार वाऱ्याचा झोत तोंडावर आला. मी दार ढकलून बाहेर आले.

"अप्पच्चा, ऐकलात आवाज?"

दारात एकटे लोनप्पनचेट्टन घाम पुसत उभे होते.

"तो दार लावून सरळ बसस्टॉपकडे निघून गेला," ते म्हणाले. "पंखा सुरू होईपर्यंतसुद्धा थांबला नाही."