गुप्त मतदान

"प्रशियात लोकांना मत तोंडाने सांगावं लागे," शिवदास सांगत होता. "समोर जमीनदार बसलेला. मग बिचारे उदारमतवादी पडणार नाहीत तर काय? म्हणून म्हणतो, चिठ्ठ्या टाकूया."

सिंगापूरमधल्या ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोतल्या हॉलमध्ये मराठी मंडळाची सात जणांची समिती बसली होती. शिवदास विद्यापीठात जर्मनीचा इतिहास शिकवायचा. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळातली संसद हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. बोलायला मुभा, ठरवायला नाही.

मंडळातही तेच. सगळे बोलत आणि अध्यक्ष पद्माकर ठरवत. समितीतले चौघे त्यांच्याच बँकेत, त्यांच्याच हाताखाली. ब्र काढायची कुणाची छाती?

शिवदास मात्र अध्यक्षपदाला उभा राहिला. चौघांनीही त्याच्या घरी येऊन, त्याच्या बायकोच्या, सरिताच्या, हातचे पोहे खाऊन शब्द दिला. सरिताला पुंगोलच्या एका बालवाडीत नोकरी लागली होती, ती शिवदासने परस्पर फोन करून नाकारली. त्यामुळे पोहे करायला ती घरीच होती.

"ते चौघे आणि तू, म्हणजे समितीतली पाच मतं," त्याने तिला सकाळी समजावलं होतं. "माझं मत मी पद्माकररावांना देणार."

"का?"

"स्वतःचं नाव स्वतःच कोण लिहितं? सभ्यता म्हणून काही असते. आणि गुप्त मतदानातही हरलो, तर पुन्हा मंडळात पाऊल टाकणार नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," सरिता म्हणाली.

पद्माकरांनी हसत चिठ्ठ्यांना होकार दिला. बँकेतल्या प्रीतमने त्या मोजल्या आणि घसा खाकरला.

"पद्माकर सर, सहा. शिवदास... एक."

चौघांना अचानक छताचा पंखा बघावासा वाटला. काय ही माणसं! शिवदासला भडभडून आलं. त्याने टेबलाखाली सरिताचा हात घट्ट धरला.

"पोहे खाऊन उलटले सगळे," तो कुजबुजला. "पण तू होतीस. मला तेवढं पुरे."

सरिताने हात सोडवला नाही.

पद्माकर उठून जवळ आले. त्यांनी शिवदासच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका. स्वतःला मत देणं मलाही कधी जमलं नाही हो. ती चिठ्ठी माझी."